घरातील स्त्रीला दम लागतो तेव्हा
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे, शिक्षक आहे. तरी आज एका आजाराविषयी आपणाशी बोलणार आहे, कारण तो दोन वर्षे आमच्या घरात होता आणि आम्हांस त्याचे नावही ठाऊक नव्हते.

माझ्या थोरल्या बहिणीला ३९ व्या वर्षी जिना चढताना दम लागू लागला. घरच्यांनी अशक्तपणा म्हटले. पुढे दम्याची औषधे झाली. साधा एक्स-रे ठीक आला. एके रात्री फुफ्फुस फुटून छातीत हवा साठली. क्षयाची शंका आली, पण थुंकीत जंतू सापडले नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा तेच घडले, तेव्हा एका डॉक्टरांनी सीटी स्कॅन करविला.

हा आजार म्हणजे लिम्फँजिओलिओमायोमॅटोसिस, थोडक्यात ‘लॅम’. तो जवळजवळ फक्त स्त्रियांना, बहुधा अपत्यप्राप्तीच्या वयात होतो. स्नायूंसारख्या पेशी वाढून फुफ्फुसात पातळ भिंतीच्या गोल पोकळ्या होतात. सुरुवातीस साध्या एक्स-रेत त्या दिसत नाहीत. हाय रिझोल्यूशन सीटी स्कॅनमध्ये दिसतात. अशा पोकळ्या अन्य आजारांतही असतात, म्हणून रक्तातील व्हीईजीएफ-डी हे प्रथिन मोजतात. स्कॅन लक्षणांशी जुळत असून ते दर मिलिलिटरला ८०० पिकोग्रॅम वा अधिक भरले, तर फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासण्याची गरज सहसा उरत नाही. मूत्रपिंडात चरबीयुक्त गाठ आहे काय, हेही पाहतात.

निदान लवकर का हवे? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिरोलिमस या औषधाने फुफ्फुसाची घसरण रोखली. २०१५ साली अमेरिकेत त्यास या आजारासाठी मान्यता मिळाली. रोग समूळ जात नाही, औषध थांबविल्यास घसरण पुन्हा सुरू होते. पण जे फुफ्फुस शिल्लक आहे ते राखता येते. गमावलेली दोन वर्षे म्हणूनच आम्हांस सलतात. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळाव्या लागतात आणि गर्भारपणाचा विचार डॉक्टरांशी बोलूनच करावा लागतो.

अमेरिकेत स्यू बर्न्स या मातेने, मुलीला हा आजार झाल्यावर, १९९५ साली लॅम फाउंडेशन स्थापन केले. आईच्या तळमळीने काय घडते ते पाहा!

दम लागणाऱ्या प्रत्येक स्त्रीस लॅम नसतो. तो फार विरळा आहे. दमा, क्षय, रक्तक्षय हेच अधिक आढळतात, आणि त्यांवरही उपचार आहेत. परंतु औषधाने गुण येत नसेल, किंवा फुफ्फुस पुन्हा फुटले, तर छातीच्या तज्ज्ञास अवश्य विचारा.

विद्यार्थी मित्रहो, सर्वांचे डबे भरून आई भिंतीला टेकून बसते, तेव्हा एकदा तिला विचारा, “अम्मी, दम लागतो का?” ती ‘नाही’ म्हणेल. पुन्हा विचारा.