जमिनीच्या खात्यातला पालाश

सुपीक जमिनीत पालाश चार ठिकाणी असतो. अगदी थोडा मातीतल्या पाण्यात विरघळलेला. त्याहून जास्त चिकणकणांच्या पृष्ठभागावर टेकलेला, विनिमयक्षम. त्याहून जास्त चिकणखनिजांच्या थरांमध्ये अडकलेला, म्हणजे स्थिर. आणि उरलेला फेल्स्पार व अभ्रक यांच्या स्फटिकांत बांधलेला. एकूण साठ्याचा 90 ते 98 टक्के भाग या शेवटच्या घरात असतो. पिकाची मुळे मुख्यतः पहिल्या दोन घरांतून उचल करतात. ती रिती होऊ लागली की तिसरे घर त्यांत भर घालते. चौथे झिजते, पण फार सावकाश.

ही देवघेव दोन-चार हंगामांत नजरेस येत नाही. त्यासाठी त्याच वाफ्यात तेच खत वर्षानुवर्षे देत राहावे लागते. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी 1843 मध्ये ब्रॉडबॉक शेतात गव्हाचा असा प्रयोग सुरू केला. तो आजही चालू आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची दीर्घकालीन खत प्रयोगांची योजना 1970 च्या सुमारास उभी राहिली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ज्वारी-गहू पीकपद्धतीवर 1988 पासून असा प्रयोग चालू आहे. काही वाफ्यांना काहीच नाही, काहींना फक्त नत्र, काहींना नत्र-स्फुरद, काहींना तिन्ही, तर काहींना तिन्हींच्या जोडीला शेणखत, अशी त्याची मांडणी आहे.

अशा प्रयोगांतून निघणारी पहिली गोष्ट चमत्कारिक वाटते. ज्या वाफ्याला काहीच मिळत नाही, त्यातला पालाश तुलनेने हळू संपतो, कारण पीकच खुरटे असते. खरा उपसा होतो तो नत्र-स्फुरद भरपूर आणि पालाश शून्य अशा वाफ्यात. तिथे पीक जोमदार वाढते आणि त्या जोमाची पालाशाची गरज जमीन स्वतःच्या गाठीतून भागवते. तेव्हा वाढलेले उत्पन्न म्हणजे पुरते पोषण, हा समज चुकीचा आहे.

हिशेब करून पाहता येतो. हेक्टरी वरच्या 15 सेंटिमीटर थराचे वजन सुमारे 20 लाख किलो. त्यात एकूण पालाश 1 टक्का धरला, तर 20 हजार किलो होतो. वर्षाला 50 किलोची तूट धरली, तरी 30 वर्षांत 1500 किलो जातो. एकूण साठ्यापुढे हा आकडा किरकोळ. पण तो जातो मुख्यतः स्थिर पालाशातून, म्हणजे ज्या घरावर पीक अडचणीच्या वेळी विसंबते तिथूनच.

थरांमधला पालाश निघाला की त्यांच्या कडा उघडतात. पुढे पोटॅश टाकले तर त्याचा बराच भाग आधी या मोकळ्या फटींत शिरून अडकतो. अमोनियम आयनाचा आकार पालाशाच्या आयनाजवळचा, त्यामुळे युरियातून तयार झालेले अमोनियमही तिथेच वाटा मागते. म्हणून दीर्घकाळ उपाशी ठेवलेल्या जमिनीत पहिल्या काही पोत्यांचा परिणाम पिकावर फिका दिसतो आणि शेतकरी म्हणतो, ‘पोटॅशने काही फरक पडत नाही.’ निरीक्षण बरोबर असते, निष्कर्ष चुकतो.

काळ्या जमिनीची फसवणूक आणखी वेगळी आहे. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या या मातीत चिकण भरपूर, त्यामुळे विनिमयक्षम पालाशाचा आकडा मोठा येतो आणि माती परीक्षणाच्या अहवालात ‘जास्त’ असा शेरा पडतो. पण याच मातीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही विपुल असून शोषणात ते पालाशाशी स्पर्धा करतात. शिवाय विनिमयक्षम घर स्थिर साठ्यातून भरले जात असल्याने तूट सुरू असतानाही आकडा वर्षानुवर्षे जागचा हलत नाही.

शेणखत दिलेल्या वाफ्यांत चित्र बरे दिसते. तृणधान्याने उचललेल्या पालाशाचा मोठा वाटा दाण्यात नव्हे, कडब्यात असतो. कडबा गोठ्यात जातो आणि जनावराने खाल्लेल्या पालाशाचा बहुतेक भाग मूत्रातून बाहेर पडतो. गोठ्याची जमीन मूत्र जिरवत असेल, तर उकिरड्यात पोहोचतो तो उरलासुरला भाग. जनावरांखाली काडीकचरा अंथरून मूत्र धरण्याची जुनी पद्धत म्हणजे पालाशाची बचतच होती. उसाचे पाचट रानातच कुजवणे हाही त्यातलाच व्यवहार.

विकतचा पालाश मुख्यतः म्युरेट ऑफ पोटॅशच्या पोत्यातून येतो. त्यात 60 टक्के पालाश असतो आणि देश त्यासाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे.

मृदा आरोग्य पत्रिकेवर 12 बाबींची नोंद असते. त्यांत उपलब्ध, म्हणजे पहिल्या दोन घरांतला पालाश आहे. स्थिर पालाशाला रकाना नाही.