घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

घोरणारा मनुष्य सुखाने झोपला आहे, ही आपल्याकडील जुनी समजूत. वस्तुतः घोरता घोरता त्याचा श्वास मध्येच थांबत असेल आणि धाप लागून तो दचकत असेल, तर ती विश्रांती नसून रात्रभर चाललेली झुंज असते. वैद्यकशास्त्र यास निद्राश्वसनरोध म्हणते. 10 सेकंद वा अधिक काळ श्वास अडण्याचे प्रसंग तासाला 5 ते 14 असतील, तर विकार सौम्य समजतात.

कळंब-वालचंदनगरच्या ऊसपट्ट्यात हा विषय जिव्हाळ्याचा आहे. पेटलेल्या पाचटाचा धूर आणि रस्त्यावरची धूळ यांनी नाक चोंदते. गळीत हंगामात उसाने भरलेला ट्रॅक्टर रात्री हाकणाऱ्याला क्षणभर डुलकी लागली, तर एका घराचा आधार जाऊ शकतो.

श्वासमार्गातील निम्म्याहून अधिक अडथळा एकट्या नाकात असतो. ते चोंदले की श्वास ओढताना जोर लावावा लागतो, घशाचा मऊ भाग आत खेचला जातो. तोंड उघडे पडून जीभही मागे सरकते.

म्हणून आधी नाक मोकळे करावे. मिठाच्या पाण्याने नाक धुणे उपयुक्त ठरते. जलनेती ही आपल्या योगपरंपरेचीच देणगी. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. विहिरीच्या वा कालव्याच्या पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूत शिरल्यास प्राणावर बेतते. ॲलर्जी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टिरॉइडचा फवारा काही आठवडे नियमित घ्यावा. चटकन नाक उघडणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. त्यांनीच नाक पुन्हा चोंदते. कुशीवर झोपावे, वजन आटोक्यात ठेवावे, मद्य वर्ज्य करावे.

तथापि, नाक सुटले म्हणजे रोग सुटला, असे नव्हे. घोरणे आणि दिवसाची झापड कमी झाली तरी श्वास अडण्याचे प्रसंग बहुधा थोडेच घटतात. म्हणून झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी. विकार तीव्र असल्यास 1981 साली ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी पुढे आणलेले, दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्रच प्रमुख उपाय ठरते.

झोपणाऱ्याला आपला अडलेला श्वास कळत नाही; तो शेजारी जागणाऱ्या माउलीला कळतो. तिची तक्रार हसण्यावारी न नेता ऐकावी. उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.