घरी जमणारी मंडळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला मंडळाची स्तुती करण्याचा परिपाठ आहे. ते काम चिटणीसबाईंच्या अहवालाने माझ्याहून चांगले केले आहे. अहवालाच्या शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मात्र माझ्या मनात राहिली. आजवर आपण पाळीपाळीने एकमेकींच्या ओसरीवर जमत आलो; आता मंडळाला स्वतःचे सभागृह हवे. ही मागणी रास्त आहे, आणि तिला माझा विरोध नाही. पण घरातून सभागृहात जाताना बरोबर काय न्यावयाचे, याचा विचार आधी केलेला बरा. तो करण्यासाठी आज मी तुम्हांला दोन जुन्या समुदायांकडे नेणार आहे. एक फार दूरचा आणि दुसरा आपल्या पायाखालचा.

दूरचा म्हणजे आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचा. ख्रिस्ती बांधवांच्या मराठी शास्त्रात चर्चला 'मंडळी' असा शब्द आहे. किती घरगुती शब्द! 'आमची मंडळी जेवून गेली' असे आपण म्हणतो तोच हा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जमलेली माणसे असाच होता. विटामातीची इमारत असा नव्हता. आणि ते खरेच होते, कारण पहिली दोनअडीचशे वर्षे या लोकांना स्वतःचे देवालय असे जवळजवळ नव्हतेच. ते घरांत जमत. पौलाच्या पत्रांतून आणि 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथातून त्या घरांचे पत्ते आजही सापडतात. यरुशलेमेत योहान मार्काच्या आईचे, म्हणजे मरीयेचे घर. फिलिप्पै गावी जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेचे घर. लावदिकियेच्या बांधवांना सलाम सांगताना त्याच ओळीत पौलाच्या नावाच्या पत्रात नुंफा नावाच्या बाईला आणि तिच्या घरच्या मंडळीला सलाम आहे. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे तंबू शिवणारे जोडपे. रोमहून त्यांना निघावे लागले, ते करिंथास गेले, पुढे इफिसास गेले, पुन्हा रोमला आले. जेथे गेले तेथे त्यांचे बिऱ्हाड हेच मंडळीचे ठिकाण. या जोडप्याचा उल्लेख येतो तेव्हा बहुतेक वेळा बायकोचे नाव आधी येते. अपुल्लो नावाच्या मोठ्या वक्त्याला आपल्याकडे नेऊन त्याच्या शिकवणुकीतली उणीव भरून काढली, ती या दोघांनी.

मग ही मंडळी जमून करीत काय? याची साक्ष एका परक्या अधिकाऱ्याने दिली आहे. सन ११२ च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने रोमच्या बादशहाला लिहिले की, हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी एकत्र येतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात, चोरी, व्यभिचार आणि विश्वासघात न करण्याची शपथ घेतात, पांगतात, आणि पुन्हा जमून साधे अन्न एकत्र जेवतात. उजाडण्यापूर्वी का, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. दिवसा कामे असत. रविवारची सुटी बादशहा कॉन्स्टंटाइनने ३२१ साली दिली. तोवर आठवड्याचा तो दिवसही कामाचाच होता. प्लिनीच्या पत्रात आणखी एक ओळ आहे. खरे काय ते काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला, आणि या दासींना त्यांचे लोक 'सेविका' म्हणतात, असे तो लिहितो. मंडळीत अधिकाराची जागा असलेल्या त्या दोघी बाहेरच्या जगात कोणाच्या तरी मालकीच्या होत्या.

त्यानंतर पन्नासेक वर्षांच्या आत जस्टिन नावाच्या लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. वेळ असेल तितके वाचन, मग उपदेश, मग सर्वांनी उभे राहून प्रार्थना, मग भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस यांचे वाटप. जे आले नाहीत त्यांचा वाटा त्यांच्या घरी पोचविला जाई. ज्याच्याजवळ असेल त्याने राजीखुशीने द्यावे, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परगावचे पाहुणे यांची सोय व्हावी. आजारी सभासदाच्या घरी प्रसाद पोचविण्याची आपली रीत आहे ना? ती फार जुन्या कुळातली आहे.

पण हे सारे गोडच होते असे समजू नका. करिंथच्या मंडळीत सुखवस्तू लोक आधी येऊन जेवून घेत आणि दिवसभर राबून उशिरा येणाऱ्या गरिबांना उपाशी राहावे लागे. पौलाने त्यांची चांगली कानउघाडणी केली आणि एकमेकांसाठी थांबा असे बजावले. त्रोवस गावी पौलाचेच भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, आणि खिडकीत बसून पेंगणारा युतुख नावाचा पोरगा तिसऱ्या माळ्यावरून खाली पडला. तो वाचला, म्हणून आज ही गोष्ट हसून सांगता येते. वक्त्यांनी मात्र ती ध्यानात ठेवावी.

या घरांतले माझे आवडते माणूस आहे रुदा. मरीयेच्या घरची दासी. पेत्र तुरुंगातून सुटून रात्री दाराशी आला. तिने आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावत गेली. आतले लोक म्हणाले, तुला वेड लागले आहे. ती आपले म्हणणे सोडीना. बाहेर पेत्र दार ठोठावीतच होता! दासीचे कोणी खरे मानले नाही, आणि खरे तिचेच निघाले. ही गोष्ट लिहिणाराने तिचे नाव टाकले नाही, याचे मला कौतुक वाटते.

आता आपल्या गावाकडे वळू. या दोन समुदायांचा एकमेकांशी काही संबंध होता असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. देश वेगळा, देव वेगळा, मध्ये हजाराहून अधिक वर्षांचे अंतर. पण देवळाच्या आधाराशिवाय माणसे एकत्र राहू लागली म्हणजे काय घडते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

चक्रधरस्वामींना ज्ञान मिळाले ते याच रिद्धपुरात, श्रीगोविंदप्रभूंकडून. परंपरेप्रमाणे शके ११९६ म्हणजे सन १२७४ मध्ये स्वामी उत्तरापंथे गेले. मागे राहिलेली माणसे अनाथ झाली. ती नागदेवाचार्यांबरोबर आपल्या गावी आली आणि गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. कोणी पंडित होते, कोणी विधवा होत्या, कोणी आई आणि मुले मिळून आली होती. स्वतः नागदेवांची आई आबाइसा आणि बहीण उमाइसा याच परिवारातल्या. कोणी म्हणेल, बाई, ती तर संन्यासी माणसे. त्यांचा घराशी काय संबंध? त्यांनी आपापली घरे सोडली हे खरेच. पण सोडून येथे जे मांडले तेही घरच होते. भिक्षा मागून आणावी, एकत्र राहावे, प्रभूंना न्हाऊ घालावे, जेवू घालावे, आणि स्वामींच्या आठवणी काढीत बसावे. हेच त्यांचे स्मरण आणि हीच त्यांची उपासना. राजमठ आज आपण ज्या भक्तीने पाहतो, तो त्या काळी या मंडळींच्या सेवेचा नित्याचा जागता उंबरठा होता.

आणि गोविंदप्रभू तरी कसे? गावातल्या कोणाच्याही घरात शिरावे, मडक्यावरचे झाकण काढून पाहावे, हवे ते खावे, लेकराशी खेळावे. गावचे लोक त्यांना माय आणि बाप दोन्ही म्हणत. ते मातंगांच्या वस्तीत जात, त्यांच्या हातचे खात. त्या वस्तीला पाण्याची अडचण होती म्हणून विहिरीची जागा त्यांनी दाखविल्याचे सांगतात. ज्या काळी सावलीचाही विटाळ मानीत, त्या काळी हा पुरुष असे उंबरठे ओलांडीत होता. चक्रधरस्वामींनी तर बायकांच्या महिन्याच्या विटाळाचीही समजूत खोडून काढली. शरीराला नऊ द्वारे आहेत, त्यांचा जसा स्वभाव तसाच हाही, असे त्यांनी समजावले. सातशे वर्षे होऊन गेली. आपल्या घरांतून ती समजूत सर्वत्र गेली आहे काय, हे जिने तिने आपल्याशी विचारावे.

त्या परिवारात महदाइसा होती. बालविधवा, नागदेवांची चुलतबहीण. प्रश्न विचारण्याबद्दल तिची ख्याती. स्वामींना विचारी, नागदेवांना विचारी, उत्तर पटेपर्यंत विचारी. गोविंदप्रभूंच्या मनात आपल्या लग्नाचा खेळ मांडावयाचा आले, तेव्हा याच रिद्धपुरात तिने रुक्मिणीस्वयंवराचे धवळे रचून म्हटले. धवळे म्हणजे लग्नघरात बायकांनी म्हणावयाची गाणी. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिचे नाव घेतो. तिची कविता लग्नघराच्या चालीतून आली.

म्हाइंभटांचे कामही येथलेच. ते मोठे विद्वान. पण शके १२०० म्हणजे सन १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले ते स्वतःच्या विद्वत्तेवर नव्हे. ज्याने ज्याने स्वामींना पाहिले होते त्याच्याकडे जाऊन त्यांनी विचारले, पडताळले, आणि मग लिहिले. त्या साक्षीदारांत बायका होत्या, आणि त्यांचे सांगणे पंडितांच्या सांगण्याइतकेच मोलाचे धरले गेले. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा ती पाठांतरावरून पुन्हा उभी करावी लागली, असे परंपरा सांगते. त्या पाठांपैकी एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. मराठीतला पहिला गद्यग्रंथ एका बाईच्या स्मरणशक्तीचाही ऋणी आहे!

भाषेची गोष्ट तर आपल्या मंडळाच्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. केशोबास संस्कृतात ग्रंथ करू पाहत होते. नागदेवांनी त्यांना अडविले. असे कराल तर माझ्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पंडित उपस्थित असताना म्हाताऱ्यांची चिंता करणारा आचार्य या परिवाराला लाभला, म्हणून तुमची माझी मराठी ज्ञानाची भाषा झाली. आज याच गावी मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. त्याच्या पायाशी त्या नाव नसलेल्या म्हाताऱ्या आहेत, हे येथील लेकींना कोणी तरी सांगितले पाहिजे.

आता घर सुटल्यावर काय झाले तेही पाहू. फरात नदीकाठी दुरा-युरोपस नावाचे गाव होते. सन २५६ च्या सुमारास ते लढाईत पडले आणि वाळूखाली गेले. १९३० नंतरच्या उत्खननात तेथे एक घर मिळाले. साधे अंगणाचे घर. मधली भिंत काढून दोन खोल्यांची एक मोठी खोली केलेली, आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड. घर देवालय होऊ लागले होते, त्या घडीचाच जणू पुरावा. पुढे ३१३ नंतर राजाश्रय आला, भव्य मंदिरे उठली. त्यात चांगलेही पुष्कळ झाले. लपतछपत जमण्याची पाळी संपली. पण नुंफेचे नाव ज्या लावदिकियेबरोबर आले, त्याच गावी चौथ्या शतकात धर्मसभा भरली आणि बायकांनी वेदीजवळ जाऊ नये असा नियम झाला. जिच्या घरी मंडळी जमत होती, तिच्या नाती-पणतींना इमारतीत उभे राहावयाची जागा ठरवून मिळाली.

आपल्याकडेही वेगळ्या रीतीने तसेच झाले. म्हाताऱ्यांसाठी मराठीत राखलेले ते ग्रंथ पुढे सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले. हेतू जतनाचा होता, भक्तीचा होता. पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला ते शतकानुशतके वाचता आले नाहीत. विसाव्या शतकात संशोधकांच्या खटपटीने आणि काही महंतांच्या उदारपणाने ती कुलपे निघाली. संन्यासिनींची परंपरा मात्र या पंथाने टिकविली, हे आदराने सांगितले पाहिजे.

म्हणून भगिनींनो, सभागृह अवश्य बांधा. मात्र तीन गोष्टी बरोबर न्या.

पहिली, दार. पाळीपाळीने ज्या घरी आपण जमलो त्या घरांची नावे आज घरी गेल्यावर मनाशी मोजा. गावाच्या कोणत्या टोकापर्यंत ती जातात आणि कोठे थांबतात ते दिसेल. सभागृहाची जागा ठरविताना त्या थांबलेल्या ठिकाणाच्या पुढच्या बायांना विचारले पाहिजे. गोविंदप्रभूंच्या गावात याहून कमी शोभणार नाही.

दुसरी, ताट. निंदणी-वेचणीच्या दिवसांत शेतातून उशिरा येणारीसाठी कार्यक्रम थांबला पाहिजे. तिच्या वेळेला बैठक नसेल तर ती बैठक सगळ्यांची नव्हे.

तिसरी, प्रश्न आणि आठवण. घरी आपण चुलीपुढे बसून एकमेकींना अडवून विचारतो. व्यासपीठ आले की खाली बसणारी गप्प होते. तेव्हा महिन्यातली एक बैठक व्यासपीठाशिवाय ठेवा. आणि आपल्यातल्या ज्या वडीलधाऱ्या बायांना जात्यावरची गाणी, गावातल्या जुन्या गोष्टी, जुने औषधपाणी आठवते, त्यांच्याकडे शाळेतल्या मुलींना वही घेऊन पाठवा. म्हाइंभटांनी ज्या गावात हे काम केले त्या गावात ते अवघड जाऊ नये. फक्त ज्या बाईने सांगितले तिचे नाव त्या वहीत लिहावयास विसरू नका.

रात्र होत आली आहे, आणि युतुखाची गोष्ट मीच सांगितली आहे.  आता कोणाला काही विचारावयाचे असेल तर विचारा.