भेट द्यायची तर वायरची
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'शाळेचं वाय-फाय'. वेळ जेवणानंतरची आहे. ज्यांना डुलकी काढायची असेल त्यांच्यासाठी शेवटचा बाक राखून ठेवलाय, तो तसाही तुमच्या हक्काचाच. पण विषय आपल्या सगळ्यांच्या पैशांचा आहे, तेव्हा एक कान उघडा ठेवा.

आपल्या तुकडीने जमवलेला निधी शाळेच्या इंटरनेटसाठी द्यायचा, हे ठरलंय. शाळेत सध्या मेश पद्धतीचे तीन बॉक्स आहेत. 'तसेच आणखी चार घेऊन देऊ' अशी सूचना आली आणि तिला भराभर अंगठेही मिळाले. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. नेटवर्क बसवणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून आधी दुखणं सांगतो आणि मग औषध.

मेश म्हणजे बॉक्सांची साखळी. पहिला बॉक्स ऑफिसात, फायबरच्या मोडेमला वायरने जोडलेला. दुसरा जिन्याच्या वळणावर आणि तिसरा वरच्या मजल्यावर संगणक कक्षात. या दोघांना फक्त विजेचा प्लग आहे, इंटरनेट त्यांच्यापर्यंत हवेतून येतं. आग लागल्यावर आपण विहिरीपासून हातोहात बादल्या देतो, तसं समजा. मधल्या माणसाला हात दोनच. तो एकतर बादली घेईल, नाहीतर पुढे देईल. बॉक्स घेण्यासाठी आणि देण्यासाठी एकच रेडिओ वापरत असेल, तर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. ऑफिसात १०० असेल तर जिन्यापाशी ५० आणि संगणक कक्षात २५, आणि हेही कागदावर. मध्ये स्लॅब आणि दोन भिंती आहेत, त्या आपला वाटा वेगळा घेतात. महाग बॉक्सांमध्ये आपापसात बोलायला वेगळा रेडिओ असतो, त्यामुळे नुकसान कमी होतं. पण त्या रेडिओलाही स्लॅब ओलांडावाच लागतो.

सरांनी आपल्याला शिकवलं होतं : अंतर दुप्पट झालं की प्रकाशाची तीव्रता एक चतुर्थांश. रेडिओलहरींनाही मोकळ्या जागेत हाच नियम लागू आहे. परीक्षेत दोन गुणांसाठी पाठ केलेला हा नियम मला रोज कामाला येतो, हे सरांना मुद्दाम सांगतो.

दुसरं दुखणं हवेचं. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. वर्गात सगळे एकदम बोलायला लागले की काय होतं, ते बाईंना विचारा. ही अडचण वाय-फायपेक्षा जुनी आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठाने बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, तेव्हा दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जायचं, मग थोडं थांबून पुन्हा बोलायचं. वाय-फायही बोलण्याआधी कानोसा घेतं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतं. संगणक कक्षात चाळीस मुलं एकदम व्हिडिओ उघडतात तेव्हा हेच घडतं. त्यातून बॉक्स आपापसातली बोलणीही त्याच हवेत करत असतील, तर मुलांच्या वाट्याला हवा उरते किती? म्हणून आणखी चार बॉक्स आणले तर फोनवर वाय-फायच्या रेघा भरलेल्या दिसतील, पण पान उघडणार नाही. यू-डायसची माहिती भरताना आपले शिक्षक आजही मोबाईलचा हॉटस्पॉट लावून फाटकापाशी उभे राहतात. ते तिथेच उभे राहतील.

आता औषध. छताला लावायचे ॲक्सेस पॉइंट तुम्ही बँकेत, दवाखान्यात, विमानतळावर पाहिले असतील. ताटलीएवढा, पांढरा, चपटा गोल. त्यापर्यंत वायर जाते, त्यामुळे हवेतल्या बादल्यांची रांग संपते. वरच्या मजल्यावरच्या मुलालाही ऑफिसातल्याइतकीच सरळ वाट मिळते.

छतालाच का? कारण खोलीत जे काही आडवं येतं ते सगळं खाली असतं. लोखंडी कपाटं, टेबलं आणि माणसं. माणसाच्या शरीरात पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. चाळीस मुलं म्हणजे चाळीस पाण्याचे माठ. छतावरून सगळ्यांचे फोन आणि संगणक मोकळे दिसतात. शिवाय या ताटलीची लहर उपड्या वाडग्यासारखी खाली आणि बाजूला पसरते. तीच ताटली भिंतीला उभी लावली तर अर्धा जोर वरच्या आणि खालच्या मजल्यांवर खर्च होतो. आणि चेंडू, धूळ, उत्साही बोटं यांच्यापासूनही ती दूर राहते.

लावायची कुठे, यात खरी मेख आहे. पुष्कळ ठिकाणी व्हरांड्याच्या छताला रांगेने लावतात. दिसायला छान, वायर टाकायलाही सोपं. पण लहर लांबच्या लांब व्हरांड्यात धावते, ॲक्सेस पॉइंट एकमेकांचाच गोंगाट ऐकत बसतात आणि वर्गात मात्र भिंतीतून गाळून आलेलं मिळतं. माणसं बसतात त्या खोलीत ती लावावी. आपल्या शाळेत पाच जागा पुरेत : ऑफिस, शिक्षक खोली, ग्रंथालय, संगणक कक्ष आणि प्रयोगशाळा. खालची आणि वरची एकाच ओळंब्यात येऊ द्यायची नाही, थोडी तिरकी ठेवायची. पंख्याच्या पात्यांच्या वर लावायची नाही, दोन पंख्यांच्या मधली जागा चांगली. ग्रंथालयाची जुनी इमारत कौलारू आहे, तिथे स्लॅब नाही. तिथे तुळईला आडवी फळी ठोकून ताटली खाली तोंड करून बसवता येते.

विजेसाठी प्रत्येक ठिकाणी प्लग लागत नाही. नेटवर्कच्या वायरीतूनच वीज जाते, याला पीओई म्हणतात. २००३च्या मानकात स्विचच्या एका पोर्टमधून १५.४ वॅट मिळत, २००९मध्ये ते ३० झाले. पाच ॲक्सेस पॉइंट प्रत्येकी १५ वॅट धरले तर ७५ वॅट, म्हणजे साध्या छताच्या पंख्याएवढी वीज. स्विच घेताना त्याची एकूण क्षमता यापेक्षा बऱ्यापैकी जास्त आहे ना, एवढं बघायचं. मोडेम आणि हा स्विच यांना ऑफिसातला एक यूपीएस लावला की लाइट गेली तरी पूर्ण शाळेचं वाय-फाय चालू. आजच्या मेशमध्ये जिन्यातला प्लग कोणी फोन चार्ज करायला काढला, तरी वरचा मजला बंद पडतो.

मग जुने बॉक्स भंगारात घालायचे का? मुळीच नाही. ऑफिसातला बॉक्स मुख्य म्हणून राहील. बाकीचे दोन, जिथे वायर नेणं अवघड आहे तिथे जातील. एक रंगमंचामागे, एक मैदानापलीकडच्या बालवाडीत. एखाद्या टोकाला एकच टप्पा असेल तर मेश उत्तम काम करतो. मात्र नवे ॲक्सेस पॉइंट जुन्या बॉक्सांच्याच घराण्यातले घ्यायचे, म्हणजे ते एकाच ठिकाणाहून सांभाळता येतात. दुसऱ्या घराण्यातले घेतले तरी चालतात, पण ते राउटर म्हणून नव्हे तर निव्वळ ॲक्सेस पॉइंट म्हणून लावावे लागतात. घरात पत्ते वाटणारा एकच हवा, दोघे वाटायला लागले की पत्रं भलतीकडे जातात. आणि एखादा मेश बॉक्स वायरने जोडला तर त्याचा हवेतला दुवा आपोआप सुटला ना, ते तपासायचं. दोन्ही वाटा चालू राहिल्या तर तीच माहिती गोल गोल फिरत राहते आणि अख्खं नेटवर्क बसतं.

सगळं लावून झालं की लोक एक गोष्ट हमखास करतात : शक्ती पूर्ण वाढवून ठेवतात. विचार करा, सर लाउडस्पीकरवर बोलले तर शेवटच्या बाकावरच्याला ऐकू जाईल, पण त्याने दिलेलं उत्तर सरांना ऐकू येईल का? फोनचा आवाज लहान असतो. म्हणून ॲक्सेस पॉइंटही मध्यम आवाजातच बोलायला हवेत. शिवाय कुठल्या ॲक्सेस पॉइंटला चिकटायचं हे शेवटी फोन ठरवतो. लांबचा ओरडत राहिला तर वरच्या मजल्यावर गेलेला फोन खालच्याचंच बोट धरून बसतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांत न मिसळणारे, ते आलटून पालटून द्यायचे. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे. आपल्याकडे २०१८मध्ये तो पट्टा परवान्याविना वापरायला आणखी मोकळा झाला. आणि ऑफिसचं जाळं वेगळं, विद्यार्थ्यांचं वेगळं. मुलांचे निकाल आणि मुलांचे खेळ एका रस्त्याने जायला नकोत.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पैसे. माझी विनंती आहे की निधी याच क्रमाने खर्च व्हावा. पहिली वायर, पाइप आणि केसिंग-कॅपिंग. दुसरा पीओई स्विच आणि यूपीएस. उरलेल्या पैशांत जितके येतील तितके ॲक्सेस पॉइंट. पाच नाही आले, तीनच आले, तरी वायर मात्र पाचही जागी टाकून ठेवायची. राहिलेले दोन पुढची तुकडी लावेल.

असं का? बॉक्स काही वर्षांत जुने होतात. वायरचं तसं नाही. एक गिगाबिट वेगाचं मानक १९९९मध्ये आलं, त्यासाठी लोकांनी कॅट ५ई वायर टाकली. २०१६मध्ये नवं मानक आलं आणि त्याच भिंतीतल्या वायरीवरून अडीच गिगाबिट जाऊ लागलं. आपण कॅट ६ टाकू. ती अस्सल तांब्याची हवी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते. ती लवकर तुटते आणि पीओईची वीज वाहताना जास्त तापते. ओळखायला सोपं आहे : टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा. एका वायरीची मर्यादा १०० मीटर. ती जिन्याचे चढउतार धरून मोजायची. आणि पुढे कधी बालवाडीला वायर न्यायची झाली तर मैदानावरून तांब्याची वायर लटकवू नका, फायबर टाका. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा तांब्यातून येणारा झटका स्विच जाळू शकतो. फायबरच्या काचेतून फक्त प्रकाश जातो.

मला ठाऊक आहे, बॉक्स दिले की त्यांचा फोटो निघतो. मुख्याध्यापकांच्या हाती देताना टाळ्या पडतात, 'तुकडीकडून सप्रेम भेट' असं स्टिकरही लागतं. पाइपातली वायर कोणाला दिसत नाही. तिचा सत्कार होत नाही. पण शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी भरणाऱ्या मुलीला स्टिकरचा उपयोग नाही, तिला पान उघडायला हवं. आपल्या गुरुजनांनी आपल्याला जे दिलं त्यातलं बरंचसं असंच न दिसणारं आहे. त्या जातीची एक भेट आपल्याकडूनही जाऊ द्या.

भोकं पाडायची, धूळ उडायची, म्हणून काम मे महिन्याच्या सुट्टीत करावं लागेल. आपल्यात इलेक्ट्रिशियन आहेत, बांधकामवाले आहेत, आणि शिडीवर चढायला आजही घाबरत नाहीत असे दोन-चार वीरही आहेत. कुठल्या खोलीत कुठे बसवायचं याचा नकाशा मी काढलाय, तो चहाच्या टेबलापाशी ठेवलाय. या, बघा, भांडा, दुरुस्त्या सुचवा. पण उठण्यापूर्वी एवढं ठरवू या की आधी वायर. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. आणि शेवटच्या बाकावरच्यांनो, तुमचेही मोजले जातील.