विलायतेच्या पार्लमेंटातील पहिला हिंदी सभासद
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



दादाभाई नौरोजींचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि पान उलटतो. आज त्या पानावर थोडे थांबू या.

1825 साली जन्मलेल्या या पारशी मुलाचे वडील तो चार वर्षांचा असतानाच वारले. आई माणेकबाई स्वतः निरक्षर, पण मुलाला तिने शाळेतून काढले नाही. त्या काळी शिक्षण मोफत होते. फी असती तर आपले शिकणे तिथेच संपले असते, असे दादाभाई पुढे सांगत. पोरगा चार पैसे मिळवू लागला की शाळा पुरे, असे म्हणणारे पालक आपल्या कोन-भिवंडीतही आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. हाच मुलगा पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला.

1886 मध्ये लंडनच्या होबर्न मतदारसंघात ते पडले. दोन वर्षांनी पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी भर सभेत म्हणाले की, इंग्रज मतदार 'काळ्या माणसाला' निवडून देतील असे वाटत नाही. त्या एका शब्दाने दादाभाईंचे नाव घरोघरी झाले! 1892 मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते निवडून आले, अवघ्या पाच मतांनी. घड्याळे बनविणाऱ्या कारागिरांची तिथे मोठी वस्ती. गोऱ्या कामगारांनी परदेशी माणसाला मत दिले, ही गोष्ट मला त्या पाच मतांहून मोठी वाटते.

तिथे जाऊन त्यांनी केले काय? आय.सी.एस.ची परीक्षा तेव्हा फक्त लंडनला होत असे. बोटीचे भाडे, तिथला खर्च, आणि तोही पास होण्याची खात्री नसताना! किती बापांना हे परवडणार? परीक्षा हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव जून 1893 मध्ये 84 विरुद्ध 76 मतांनी पार्लमेंटात मंजूर झाला. त्यामागे दादाभाईंची कित्येक वर्षांची खटपट होती. सरकारने मात्र तो बासनात बांधून ठेवला.

1895 ची निवडणूक ते हरले. 1906 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. त्याच वर्षअखेर कलकत्त्यास ते तिसऱ्यांदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 1917 मध्ये ते वारले. अलाहाबादला आय.सी.एस.ची पहिली परीक्षा झाली ती 1922 साली.