नाव सापडत नाही तेव्हा



काही वर्षांपूर्वी एका सार्वजनिक वाचनालयाची सभासद-नोंदणी संगणकावर आणण्याचं काम माझ्याकडे होतं. काम झालं, नोंदी भरल्या. पहिल्याच महिन्यात एक आजी देवघेवीच्या खिडकीशी आल्या. आडनाव कऱ्हाडे. हातात वर्गणीची पावती, पिशवीत परत करायची दोन पुस्तकं. ग्रंथपालांनी नाव टाईप केलं. पडद्यावर आलं, असा सभासद नाही. पुन्हा टाईप केलं. तेच उत्तर. आजी म्हणाल्या, "अहो, तीस वर्षं येतेय मी इथे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आपलंच काही चुकलं का अशी शंका होती. ती शंका मला आजही टोचते, कारण चूक माझी होती.

त्यांचं नाव संगणकात होतं. यादी वरपासून वाचत गेलं की दिसायचं. शोधलं की सापडत नव्हतं. कारण समजायला मला दोन दिवस लागले.

आपण मराठीत 'आचार्यांना बोलावलं' आणि 'आचाऱ्यांना बोलावलं' यांत फरक करतो. पहिल्यात विद्वान येतात, दुसऱ्यात स्वयंपाकी. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात 'र'ची ती आडवी, पापणीसारखी खूण. संगणकात ही खूण दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक, 'ऱ' हे युनिकोड या अक्षर-क्रमांकांच्या प्रमाणकातलं स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्ताचं चिन्ह, मग पुढचं व्यंजन. दुसरी, साधा 'र', हलन्ताचं चिन्ह, त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह, मग व्यंजन. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही एकसारखी दिसतात. संगणक मात्र अक्षराचं रूप पाहत नाही, त्यामागचे क्रमांक पाहतो. आजींचं नाव भरणाऱ्या मुलीचा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेचा होता, ग्रंथपालांचा पहिल्या. कऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाणपूरकर अशा सगळ्यांची तीच गत झाली असती.

इथे तरुण प्रोग्रामर मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी थोडं खोलात जातो. युनिकोडमध्ये मजकूर एकरूप करण्याची एक प्रमाण पद्धत आहे, बहुतेक भाषांमध्ये ती तयार मिळते. नुक्त्याचे घोटाळे तिने सुटतात. हे अदृश्य चिन्ह तिने जात नाही. मग कोणीतरी म्हणतं, सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकू. ते करू नका. ते चिन्ह नुसतं पुसलं की आचाऱ्याचा आचार्य होतो. आधी 'र, हलन्त, जॉइनर' हा तुकडा शोधून त्या जागी 'ऱ, हलन्त' घाला, आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हं काढा. क्रम उलटा झाला तर माहिती गेली, आणि ती परत मिळवण्याचा मार्ग नाही.

वकिलांचंही असंच आहे. 'ॲड.' मधला 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र ठेवत, अजूनही ठेवतात. दिसायला एक, क्रमांकांनी दोन, आणि वर सांगितलेली प्रमाण पद्धत या दोघांना एक मानत नाही. हा बदलही आपला आपण करायचा.

मग मी काय केलं? टेबलात नावासाठी दोन कॉलम ठेवले. पहिल्यात माणसाने जसं लिहून दिलं तसं नाव. त्याला कधीही हात लावायचा नाही. सुनीता दीर्घ लिहायची की सुनिता ऱ्हस्व, हे ठरवण्याचा अधिकार त्या बाईंचा आहे, माझ्या प्रोग्रामचा नाही. दुसरा कॉलम शोधासाठी. त्यात 'ऱ' एकरूप, 'ॲ' एकरूप, ऱ्हस्व-दीर्घ एक केलेले, जादा मोकळ्या जागा काढलेल्या. शोधायला आलेला मजकूरही त्याच चाळणीतून जातो. पत्र छापताना पहिला कॉलम, शोधताना दुसरा. माझ्या सगळ्या कामात उपयोगी पडलेली युक्ती एकच निवडायची झाली तर मी हीच निवडेन.

दुसऱ्या कॉलमवर इंडेक्स हवा. वाचनालयातलं तालिकापत्रांचं खणांचं कपाट आठवा. लेखकाच्या नावाने लावलेली पत्रं असली की ग्रंथपाल थेट 'ग'च्या खणाशी जातात. इंडेक्सचंही तसंच, दहा लाख नोंदी क्रमाने लावलेल्या असतील तर दर वेळी निम्म्या बाजूला सारत वीसेक पावलांत हवी ती नोंद मिळते. पण "ज्याच्या नावाचा शेवट 'कर' आहे असा लेखक द्या" म्हणालात तर ते कपाट निरुपयोगी, एकेक पत्र बघावं लागेल. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, शब्दाच्या सुरुवातीलाच 'इथे काहीही चालेल' अशा अर्थाचं टक्क्याचं चिन्ह टाकलं की डेटाबेसवर हीच वेळ येते. तारखेच्या कॉलममधून आधी वर्ष काढून मग त्याची तुलना केली तरी बहुधा तसंच होतं. त्याऐवजी '१ जानेवारीपासून पुढच्या १ जानेवारीच्या आधीपर्यंत' असं लिहा; कॉलम कशात न गुंडाळता तसाच राहू द्या.

यादीच्या क्रमाबद्दलही बोललं पाहिजे. आपण शाळेत वर्णमाला म्हणताना शेवटी 'ह, ळ, क्ष, ज्ञ' म्हटलं. युनिकोडच्या नुसत्या क्रमांकांनी यादी लावली तर क्षीरसागर जातात कोल्हटकरांच्या नंतर आणि खऱ्यांच्या आधी, आणि शेवटच्या पानावर त्यांना शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परततो. डेटाबेसला भाषेप्रमाणे क्रम लावायला सांगता येतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही सोय दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, चांगली आहे. तो क्रम लावा आणि आपल्या खऱ्या यादीवर डोळ्यांनी तपासा.

ज्या वाचनालयांत मोडी कागद आहेत त्यांच्यासाठी एक इशारा. युनिकोडमध्ये मोडी लिपी २०१४ साली आली आणि तिच्या प्रत्येक अक्षराला यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत चार बाइट लागतात, देवनागरीला तीन. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'यूटीएफ८' या नावाने वर्षानुवर्षं जे मिळत होतं, त्यात तीन बाइटच मावत. त्यामुळे देवनागरी सुखरूप आणि मोडी बाहेर. जुन्या मांडणीत तर पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा मजकूर फक्त एका सूचनेवर कापला जाई, काम थांबत नसे. 'यूटीएफ८एमबी४' निवडा. ज्यांनी आयुष्य मोडी वाचण्यात घालवलं त्यांच्या नोंदी अशा तुटू नयेत.

आता आकड्यांकडे येतो. पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२०. तो संख्या म्हणून साठवलात की उरतो २०. पिनकोडची मूळ कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. १५ ऑगस्ट १९७२ला ती अमलात आली. त्या सहा आकड्यांत प्रत्येक स्थानाला अर्थ आहे: पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा विभाग, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा. दोन पिनकोडांची बेरीज करून काहीही अर्थाचं निघत नाही. ज्याची कधी बेरीज करणार नाही, त्याला मजकूर म्हणून साठवा.

ज्याची बेरीज करणार, ते पैसे. दशांश अपूर्णांकाचा 'फ्लोट' प्रकार पैशांसाठी वापरू नका. एक तृतीयांश दशमानात लिहिताना जसे तीनवर तीन येत राहतात, तसा एक दशांश द्विमानात कधी संपत नाही. कुठेतरी तोडावा लागतो. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ला सौदी अरेबियात धाहरान इथे पेट्रियट यंत्रणेला येणारं क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि अमेरिकेचे २८ सैनिक गेले. यंत्रणा वेळ मोजत होती सेकंदाच्या दशांशांत, आणि तो तोडलेला दशांश शंभर तासांत साचून सेकंदाचा सुमारे एक तृतीयांश झाला होता. आपल्या विलंब-शुल्कात कोणाचा जीव जाणार नाही, पण वर्षअखेर हिशेब जुळला नाही तर कारकुनाची झोप जाते. रक्कम पूर्णांकात, रुपयांऐवजी पैशांमध्ये ठेवा, किंवा डेटाबेसचा 'डेसिमल' प्रकार घ्या.

आणि जन्मतारीख. आपल्याकडे कागदावर १ जून ही जन्मतारीख असलेली माणसं गावोगाव भेटतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावून दिलेली. वेळ साठवताना ती जागतिक वेळेत साठवा असं सगळे सांगतात, आणि पुस्तक कधी दिलं, पावती कधी फाडली यांसाठी ते बरोबरच आहे. पण मी जन्मतारीखही त्याच प्रकारात ठेवली होती. भारतातली १ जूनची मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेत ३१ मेची संध्याकाळ, साडेसहा. अहवालात अर्ध्या सभासदांचा वाढदिवस एक दिवस मागे सरकला. जन्मतारीख हा क्षण नाही, कॅलेंडरवरचा दिवस आहे. तिला फक्त तारखेचा प्रकार द्या.

याच १ जूनमुळे दुसरा धोका आहे. नाव आणि जन्मतारीख सारखी म्हणून दोन नोंदी एकच समजून जोडणारा प्रोग्राम लिहू नका. एका तालुक्यात १ जूनच्या किती सुनीता पाटील असतील याचा विचार करा. एकीची अनामत दुसरीच्या खात्यावर जाते, आणि जोडलेल्या नोंदी सोडवणं जोडण्यापेक्षा शंभरपट कठीण असतं. मोबाईल नंबर हीसुद्धा ओळख नाही. एकाच फोनवर सासू, सून आणि शाळेत जाणारी नात असं सगळं घर असतं. लग्नानंतर नाव बदलतं, फोन बदलतो, पत्ता बदलतो. म्हणून सभासदाला स्वतःचा असा अर्थहीन क्रमांक द्या, जो कधी बदलत नाही.

आपल्या गोव्याच्या मंडळींमुळे मी आणखी एक गोष्ट शिकलो. डिसोझा हे आडनाव रोमनमध्ये लिहिताना 'डी'नंतर वरचा स्वल्पविराम येतो. क्वेरीचं वाक्य तुकडे जोडून तयार केलं असेल तर त्या चिन्हाशी ते मोडतं. आणि जिथे एका प्रामाणिक नावाने वाक्य मोडतं, तिथे लबाड माणूस हवं ते वाक्य घुसवू शकतो. माणसाने दिलेलं मूल्य नेहमी वेगळं पाठवा, वाक्यात चिकटवू नका.

शेवटचा विषय राखीव प्रतींचा. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत रात्री काम करताना एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसला. थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटमधले साडेचार उरले. राखीव प्रतींच्या पाच सोयी होत्या. वेळेला एकही धड कामी आली नाही. रोजची प्रत जिथे जायची ती जागा रिकामी होती, कारण प्रत घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती जुळत नव्हती, आणि तसं कळवणाऱ्या ईमेल नाकारल्या जात होत्या. वाचले ते एका प्रतीमुळे, जी त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी वेगळ्या कामासाठी हाताने घेतली होती. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं उघडपणे लिहून जगाला सांगितलं. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

तेव्हापासून त्या वाचनालयात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही राखीव प्रत वेगळ्या संगणकावर उतरवतो आणि त्यात पाच सभासद शोधतो. सापडले, तरच प्रत आहे असं रजिस्टरात लिहितो. त्या पाचांत पहिलं नाव कऱ्हाडे आजींचं असतं.

अशा अवघड नावांची एक यादी मी करत आलो आहे. नवा प्रोग्राम लिहिला की ती सगळी नावं त्यात भरायची, शोधायची, क्रमाने लावायची, छापायची. तिच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. खाली काही ओळी मोकळ्या आहेत. तुमचं नाव कुठल्या कार्यालयात, बँकेत, शाळेत कधी सापडलं नसेल, तर जाताना ते तिथे लिहून ठेवा.