गोचीड कुत्र्यावर कमी, घरात जास्त

आम्ही अमळनेर तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया. पावसाळा लागला की आमच्या बैठकीत एक विषय हटकून निघतो : दारातल्या कुत्र्याचे गोचीड. कुत्रा सारखा खाजवतो, कानात गोचीड झुपक्यानं बसलेले असतात. मग कुणीतरी म्हणतं, कपाशीवर मारायचं औषध उरलंय, तेच चोळून टाकू.

बायांनो, तसं मुळीच करू नका. पिकाचं औषध कातडीतून अंगात मुरतं. कुत्रा अंग चाटतो, तेव्हा पोटातही जातं. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. शिवाय त्याच कुत्र्याच्या गळ्यात आपली लेकरं हात टाकतात. रॉकेल आणि जळकं ऑईलही नको.

थोडे गोचीड असतील तर हातानं काढता येतात. कुत्रा चावू नये म्हणून जुन्या ओढणीच्या पट्टीनं तोंड थोडा वेळ सैलसर बांधा. आपल्या हातात प्लास्टिकची पिशवी घाला. कान, मान, काखा, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखाली नीट बघा. चिमट्यानं गोचीड कातडीजवळ धरा आणि सरळ ओढा. पिळू नका, उदबत्तीचा चटका देऊ नका. काढलेले गोचीड झाकणाच्या डबीत साबणाच्या पाण्यात टाका. नखावर चिरडायची सवय आपल्याला आहे, ती सोडा. २०११ साली शेजारच्या गुजरातेत काँगो तापानं माणसं दगावली. तो ताप गुराढोरांवरच्या गोचीडांतून येतो. गोचीड चिरडला की त्याचं रक्त हाताला लागतं. म्हणून गोचीड कुठलाही असो, उघड्या हातानं फोडायचा नाही. शेवटी हात साबणानं धुवा.

आता मुख्य गोष्ट ऐका. कुत्र्यावर दिसतात ते थोडे, बाकीचे आपल्या घरात असतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि दोन-चार हजार अंडी घालते. पिल्लं निघाली की कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, खाली उतरतात, कात टाकतात, परत चढतात. मोठा गोचीड कित्येक महिने उपाशी राहू शकतो. म्हणून नुसता कुत्रा धुऊन भागत नाही.

हे गोचीड भिंतीवर वरही चढतात. चौकटीच्या फटी, वरच्या कोपऱ्यातल्या भेगा तपासा आणि लिंपून बुजवा. कुत्रा बसतो ते गोणपाट उकळत्या पाण्यात टाका, कडक उन्हात वाळवा. ओट्याजवळचा पालापाचोळा काढा. अंडी मागाहून फुटत राहतात, म्हणून झाडझूड आणि तपासणी दोन-तीन महिने चालू ठेवा.

गोचीड फार असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. औषध आणि त्याचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. गाईचं इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला टोचू नका. लहान पिल्लू किंवा गाभण कुत्री असेल तर आधी सांगा. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. काही औषधांनी मांजर मरतं.

कुत्रा खात नसेल, अंग तापलं असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, नाकातून रक्त येत असेल किंवा लघवी गडद होत असेल, तर तो गोचीडताप असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. वेळेवर औषध मिळालं तर कुत्रा बरा होतो.

एका घरानं केलं आणि शेजारच्यांनी नाही केलं, तर गोचीड परत येतातच. म्हणून पुढच्या बैठकीत एक दिवस ठरवा. त्या दिवशी सगळ्या गल्लीनं भेगा लिंपाव्यात, गोणपाट उकळावेत. गावात पशुसखी असेल तर तिला बोलवा. डॉक्टर येणार असतील तर त्याच फेरीत रेबीजची लसही टोचून घ्या. रात्रभर जागून तो आपलं दार राखतो, बहिणींनो. एवढं त्याच्यासाठी करूच.